घराची वही

ज्याने घर बांधविले तोच ते राखीत असतो, तोवर घराला वहीची गरज भासत नाही. पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे, गोठ्यातला दिवा कोणत्या बटणावर आहे, संडासाचा खड्डा अंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सर्व त्याच्या डोक्यात असते. आणि डोक्यातली गोष्ट कागदावर उतरविण्याचा कंटाळा हा आपल्या लोकांचा जुना स्वभाव आहे. परंतु तो मनुष्य दुखण्याने अंथरुणास खिळला, कामासाठी मुंबई-पुण्याकडे गेला, किंवा प्रभूने त्यास आपणाकडे नेले, म्हणजे एका दिवसात ते घर घरच्याच माणसांना परके होते. विधवा स्त्री, नुकतीच आलेली सून, सुट्टीत गावी येणारा मुलगा, ह्यांना भिंती ओळखीच्या असतात; भिंतींच्या आत व अंगणाच्या खाली काय आहे हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. अशा माणसांसाठी प्रत्येक कुटुंबाने घराची एक वही लिहून ठेवावी, व ती कशी लिहावी, हा ह्या पाठाचा विषय आहे.

घराची माहिती लिहून पुढच्या माणसाच्या हाती देणे ही काही नवी कल्पना नव्हे. पहिल्या इतिहासाच्या २८ व्या अध्यायात दावीद राजा आपला पुत्र शलमोन ह्यास मंदिराचा नमुना देतो. त्यात देवडी, भांडारे, माडीवरच्या व आतल्या कोठड्या तर आहेतच; पण कोणत्या दीपवृक्षास किती सोने, कोणत्या मेजास किती रुपे, इतके बारीक वजनही नेमून दिले आहे, आणि हे सर्व लेखी आहे असे तो सांगतो. वाचकांनी तो अध्याय ह्या दृष्टीने एकदा वाचून पाहावा. दाविदाला ते मंदिर स्वतः बांधावयाचे नव्हते. ज्याला बांधावयाचे होते तो वयाने लहान व अननुभवी आहे हे त्याने ओळखले होते, आणि म्हणूनच त्याने तोंडच्या सांगण्यावर भिस्त ठेविली नाही.

आपल्या वहीचा वाचकही तसाच अननुभवी समजावा. वही लिहिताना गवंडी किंवा वायरमन डोळ्यांपुढे आणू नये. श्रावणातल्या रात्री, पाऊस कोसळत असता, हाती बॅटरी घेऊन एकटी उभी असलेली घरची बाई डोळ्यांपुढे आणावी. तिला कळेल तेच वाक्य बरोबर. "मेन ऑफ करणे" असे लिहिण्यापेक्षा "ओसरीवर दाराच्या उजव्या हाताला खांद्याइतक्या उंचीवर लोखंडी पेटी आहे, तिचा दांडा खाली ओढावा" असे लिहावे. दुसरे वाक्य लांब आहे खरे, पण अंधारात उपयोगी पडेल ते दुसरेच.

आरंभ विजेपासून करावा, कारण येथील चूक सुधारावयास दुसरी संधी पुष्कळदा मिळत नाही. मीटर कोठे आहे, बिल कोणाच्या नावे येते, बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक कोणता, हे पहिल्या ओळीत असावे. महावितरणकडे तक्रार करताना तोच क्रमांक प्रथम विचारतात. मग पेटीतील एकेक बटण बंद करून घरभर हिंडावे व कोणता दिवा, पंखा किंवा सॉकेट मेले ते पाहून लिहावे. हे काम दोघांनी केले तर अर्ध्या तासात होते. जुन्या घरात चिनी मातीचे फ्यूज असतील तर त्यांत कोणत्या जाडीची तार घालावयाची ते लिहावे, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत लिहावे की, तार वारंवार जळते म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार कोणी घालू नये. फ्यूज जळतो तो आपले काम करतो.

नव्या पेट्यांत आर.सी.सी.बी. नावाचे एक उपकरण असते. वीज माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गळू लागली तर ते क्षणात प्रवाह तोडते. घरांत बसवितात ते बहुधा ३० मिलिअँपिअरचे असते. त्यावर चाचणीचे एक लहान बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच वीज गेली पाहिजे. हे त्या घरातील निम्म्या माणसांस ठाऊक नसते. तीच गोष्ट अर्थिंगच्या खड्ड्याची. कोळसा व मीठ घालून पुरलेला तो खड्डा तुळशी-जास्वंदीच्या आळ्यात दडून जातो, उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि एखाद्या दिवशी कुदळीने त्याची तार तुटते. तुटली तरी दिवे लागतच राहतात, म्हणून कोणास काही कळत नाही. त्याची जागा नकाशावर दाखवावी व "मार्च ते मे ह्या महिन्यांत येथे पाणी घालीत जावे" असे शेजारी लिहावे.

येथे आम्ही एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एका घरी वडील वारल्यावर मुलगा गोठ्यातला पंखा दुरुस्त करावयास गेला. त्याने ओसरीवरचे मेन बटण बंद केले, घरातील दिवे विझलेले पाहिले, आणि निर्धास्तपणे तारेस हात घातला. त्या गोठ्याची तार घरच्या मीटरवरून आलेलीच नव्हती. वडिलांनी फार वर्षांपूर्वी ती विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीवरून ओढली होती. मुलगा फेकला गेला म्हणून वाचला. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरचा दिवा लावणे नियमास धरून नाही, आणि वडिलांनी ते कोठे लिहून ठेविले नाही त्याचे कारणही कदाचित हेच असेल. परंतु वहीत घर जसे असावयास हवे तसे लिहून भागत नाही. ते जसे आहे तसेच लिहावे लागते. वाकडी जोडणी जोवर आहे तोवर ती वहीत सरळ अक्षरांत असावी, आणि लिहिताना लाज वाटली तर ती जोडणी काढून टाकावी. हा वहीचा आणखी एक फायदा समजावा. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनीही ध्यानात ठेवावे की, मेन बंद केल्यावर काही तारांत बॅटरीची वीज खेळत राहते. कोणती सॉकेटे इन्व्हर्टरवर आहेत, इन्व्हर्टर कोठे बंद होतो आणि बॅटरीत शुद्ध केलेले पाणी शेवटी केव्हा घातले, एवढे त्या पानावर लिहावे.

आता पाण्याकडे वळू. बोअर असेल तर ती किती फूट खोल आहे, केसिंग किती फुटांपर्यंत आहे, पाणी किती फुटांवर लागले, पंप किती अश्वशक्तीचा, सिंगल फेज की थ्री फेज, तो कोणत्या तारखेस व किती नळ जोडून किती खोल सोडला, हे लिहावे. पंप जळाला म्हणजे मिस्त्री हेच प्रश्न विचारतो. उत्तर न मिळाल्यास तो अंदाजाने साहित्य आणतो, आणि अंदाजाची किंमत घरधनीण भरते. आमच्या दख्खनच्या काळ्या खडकात पाणी बहुतकरून वरच्या मुरमात व खडकाच्या सांध्याभेगांत असते. दोन शेजारी बोअरींचे पाणी निरनिराळ्या खोलीवर लागते. तेव्हा शेजाऱ्याच्या बोअरीवरून आपल्या बोअरीचा अंदाज करणे हा जुगार होय. मे महिन्याच्या अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा विहिरीच्या पाण्याची पातळी दोरी व धोंडा सोडून मोजावी व तारखेसह लिहावी. पाचसहा वर्षांनंतर त्या पानावरून पंप कोणत्या महिन्यात कोरडा चालेल हे कळू लागते, व कोरडा चाललेला पंप जळतो हे सर्वांस ठाऊक आहे.

विहीर उघडी असेल तर तिचा व्यास वहीत असावा. त्याचे कारण असे की, पाणी शुद्ध करताना तो लागतो. व्यासाला व्यासाने गुणावे, त्यास पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. मापे मीटरमध्ये घेतली असल्यास उत्तर घनमीटर येते, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८,००० लिटर होते. चांगली, कोरड्या जागी ठेविलेली ब्लीचिंग पावडर दर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. म्हणजे ह्या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळावे, आणि एक तास पाणी भरू नये. साथीच्या दिवसांत आरोग्यसेवक सांगेल ते प्रमाण घ्यावे.

कॉक व नळ्यांना घरात जी नावे चालत आली आहेत तीच वहीत घालावी. "पेरूखालचा कॉक", "आजीच्या मोरीचा कॉक" ही नावे शहरी मिस्त्रीला हसू आणतील. पण घरातील पोरही ती ओळखते. इसहाकाने बापाच्या वेळच्या बुजविलेल्या विहिरी पुन्हा उकरल्या तेव्हा त्यांस बापाने दिलेलीच नावे ठेविली, असे उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायात आहे. कोणता कॉक कोणत्या बाजूस फिरविला असता काय बंद होते, एवढे नावापुढे लिहावे. जे कॉक वर्षानुवर्षे कोणी फिरवीत नाही ते ऐन वेळी हलत नाहीत. म्हणून सहा महिन्यांतून एकदा ते बंद करून पुन्हा उघडावे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष ज्या गोष्टीचे होते ती म्हणजे संडास. तिच्याविषयी लिहावयास लोक लाजतात, म्हणून आम्ही थोडे विस्ताराने लिहितो. २०१४ साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांत दोन शोषखड्ड्यांचे संडास पुष्कळ बांधले गेले. ही पद्धत त्याआधीपासूनची असून १९७० साली सुलभ संस्था स्थापन करणारे बिंदेश्वर पाठक ह्यांनी तिचा मोठा प्रसार केला. हिची सारी खुबी अशी आहे की, एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा. पाचसहा माणसांच्या घरात तो सुमारे तीन वर्षांत भरतो. मग मधल्या लहान चेंबरात त्याचे तोंड विटेने बंद करून दुसऱ्याचे उघडावयाचे. पहिला खड्डा निदान दीड वर्ष, शक्य तर दोन वर्षे, तसाच झाकून ठेविला म्हणजे आतील मैला कुजून कोरडी, वास नसलेली माती होते व ती खत म्हणून शेतात घालता येते.

आता पाहा, ह्या संपूर्ण व्यवस्थेचा आधार एका तारखेवर आहे. खड्डा कोणत्या दिवशी बंद केला हे ज्याला ठाऊक होते तो गेला, तर उरलेल्यांस भरलेला खड्डा कोणता व पिकलेला कोणता हे झाकणावरून कळत नाही. चारच महिन्यांचा खड्डा दोन वर्षांचा समजून उघडला, तर उकरणाऱ्याच्या घरी रोग जाईल. कित्येक घरी तर चेंबरातील दोन्ही तोंडे उघडीच राहिलेली असतात. दोन्ही खड्डे एकदम भरतात, आणि दोन खड्डे बांधल्याचा काही उपयोग राहत नाही. म्हणून वहीत "उत्तरेचा खड्डा अमुक तारखेस बंद, अमुक तारखेपूर्वी उघडू नये" अशी नोंद करावी व तीच तारीख चेंबरच्या झाकणावर तेलाच्या रंगाने घालावी. रंग चार पावसाळ्यांत उडतो, वही उरते.

ज्यांच्याकडे शोषखड्डे नसून सेप्टिक टाकी आहे त्यांनी टाकीचे माप, झाकणांची जागा व शेवटच्या उपशाची तारीख लिहावी. ती साधारण दोनतीन वर्षांनी उपसावी लागते. आणि त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावे: टाकीत कोणीही उतरू नये, झाकणाजवळ काडी पेटवू नये. आत विषारी वायू साठलेला असतो व श्वासापुरती हवा नसते. एक जण बेशुद्ध पडतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. अशा बातम्या दरवर्षी येतात. मजुराला पैसे देऊन उतरविणे तर २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्यांच्या वाडवडिलांवर जातीच्या नावाने हेच काम लादले गेले होते, अशी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत आहेत. आपल्या घरची टाकी दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर साफ होऊ नये. उपसा करणाऱ्या यंत्राच्या गाडीचा दूरध्वनी क्रमांक तेथेच लिहून ठेवावा, म्हणजे घाईच्या वेळी वाईट मार्ग सुचणार नाही.

छपराविषयी थोडेच. कौले मंगलोरी असतील तर एक कौल उलटून त्याच्या पाठीवरील कारखान्याचे नाव उतरून घ्यावे. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतातच असे नाही, आणि एक परके कौल ओळीत घातले की त्या ओळीतून पाणी येते. (ह्या कौलांचा कारखाना प्रथम बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल.) कोठे गळते, कोणत्या वर्षी शाकारले, कोणता वासा वाळवीने खाल्ला होता व बदलला, ह्याच्या चार ओळी पुरे होत.

गॅसच्या पानावर ग्राहक क्रमांक, रबरी नळी घेतल्याची तारीख व तिच्यावर छापलेली मुदत लिहावी. ती बहुधा पाच वर्षांची असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी ह्यांपैकी एक अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, ह्याप्रमाणे चार तिमाह्या. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हावयाची असते. मुदत टळलेला सिलिंडर दारात आल्यास तो परत करावा. गळतीसाठी १९०६, विजेसाठी १९१२ व कोणत्याही संकटासाठी ११२, हे तीन क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावरच असावेत.

कागदपत्रांची पेटी ही निराळी गोष्ट आहे. वहीत फक्त ते कोठे आहेत एवढेच लिहावे. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, पाणीपट्टीच्या पावत्या, आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळालेली मिळकत पत्रिका, ही कोणत्या कपाटात आहेत ते सांगावे. पेटीच्या किंवा बँकेच्या गुप्त गोष्टी ह्या वहीत मुळीच घालू नयेत, कारण ही वही मिस्त्रीच्याही हाती जाणार आहे.

जमिनीखालच्या वस्तूंना नकाशा पाहिजे. तो सुंदर नसला तरी चालेल. मात्र प्रत्येक वस्तूचे अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजावे. "झाकण ओसरीच्या कोपऱ्यापासून ११ फूट व स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून १७ फूट" असे लिहिले की दोन दोऱ्या ताणून कोणीही ती जागा शोधील. आंब्यापासूनचे अंतर देऊ नये. आंबा तोडला जातो. भिंतीत तारा व नळ्या घालून झाल्यावर गिलाव्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, परंतु ते केवळ मोबाइलमध्ये ठेवू नये. गेलेल्या माणसाचा मोबाइल कुलूपबंद असतो. छायाचित्र छापून वहीत चिकटवावे.

लिहून झाल्यावर वही आपल्या पत्नीच्या किंवा मोठ्या मुलीच्या हाती द्यावी, स्वतः बाजेवर गप्प बसावे, आणि तिला वहीवरून पाणी बंद करून दाखवावयास सांगावे. ती जेथे अडेल तेथे वहीचे वाक्य अपुरे आहे असे समजावे. तोंडाने सांगावयाचा मोह आवरावा व वाक्य दुरुस्त करावे. हे आम्ही अनेक कुटुंबांत करविले आहे. पहिल्या खेपेस दोनतीन ठिकाणी अडल्याशिवाय कोणतीही वही उतरली नाही, आणि पुष्कळ घरी ह्याच वेळी पत्नीला आपल्या घराची माहिती प्रथमच झाली. एका बहिणीने आम्हांस सांगितले की, बावीस वर्षे त्या घरात राहून तिने मोटारीचे बटण स्वतः कधी दाबले नव्हते. दाबू देत नसत.

वहीच्या दोन प्रती कराव्या. एक घरात खिळ्याला, दुसरी बाहेरगावच्या मुलाकडे किंवा विश्वासू नातलगाकडे. प्रत्येक नोंदीस तारीख असावी, व जुनी नोंद खोडून न टाकता तिच्यावर एक रेघ मारून नवी खाली लिहावी.

आमच्या उपदेशक बंधूंस ह्याच संबंधाने एक सूचना करावयाची आहे. तुम्ही ज्या घरात राहता ते मंडळीचे असते, आणि तीनचार वर्षांनी बदलीचा हुकूम आला की तेथील सर्व माहिती तुमच्याबरोबर बैलगाडीत किंवा टेंपोत बसून निघून जाते. नवा उपदेशक जूनच्या पावसात लेकराबाळांसह उतरतो, व टाकीत पाणी का चढत नाही हे शोधण्यात त्याचा पहिला आठवडा जातो. म्हणून त्या घराची वही मंडळीच्या दप्तरात न ठेवता घरातच, किल्ल्यांच्या शेजारी ठेवावी. जाणाऱ्याने येणाऱ्यास वही हाती घेऊन घर एकदा फिरून दाखवावे, आणि शेवटच्या नोंदीखाली दोघांनी तारीख घालून सह्या कराव्या. दोघांची गाठ पडणार नसेल, तर मंडळीच्या एखाद्या वडिलास आधी घर दाखवून ठेवावे व त्याची सही घ्यावी.